नऊ दिवस न बुडालेली कंपनी

चौदा ऑगस्टला दुपारी सव्वादोन वाजता आमची कंपनी बुडाली. ही बातमी आम्हाला त्याच दुपारी, स्पष्ट शब्दांत, दोनदा सांगण्यात आली. आम्ही पोट धरून हसलो आणि चहा प्यायला गेलो. त्यामुळे पुढचे नऊ दिवस कंपनी बुडालेली नव्हती. मला सांगायचंय ते त्या नऊ दिवसांबद्दल, कारण तसे दिवस मला पुन्हा आलेले नाहीत. हल्ली मी इटिगीहून टबोराला सिमेंटचा ट्रक नेतो. सिमेंटची काही तक्रार नाही. पण वाटेत ते एकही गोष्ट सांगत नाही.

बातमी दिली मिहायोने. मिहायो अरुशातल्या ऑफिसात कारकून होता, आणि तो न्यामवेझी जमातीचा, माझ्यासारखाच. बातमी घेतली म्झे न्डाहानीने. म्झे हा वयाचा मान. न्डाहानी आमच्या शिकारीच्या कॅम्पवरचा माग काढणारा, वय चौसष्ट, आणि तो गोगो जमातीचा. न्यामवेझी आणि गोगो यांचं थट्टेचं नातं आहे. हे नातं जोडावं लागत नाही, नाकासारखं जन्मतःच मिळतं. आमचे पणजोबा डोक्यावर हस्तिदंत घेऊन समुद्राकडे चालत निघायचे, वाटेत गोगोंचा कोरडा मुलूख लागायचा, आणि गोगो त्यांच्याकडून पाण्याचेही पैसे घ्यायचे. भांडून भांडून दोन्हीकडचे दमले तेव्हा म्हणे ठरलं, मारामारी बंद, यापुढे फक्त थट्टा. तेव्हापासून न्यामवेझ्याने गोगोला वाटेल ते बोलावं, त्याची टोपी पळवावी, त्याच्या मयताला जाऊन मेलेल्याला आळशी म्हणावं. गोगोही तेच करणार. रागवायचं नाही. रागावेल त्याने दंड म्हणून कोंबडी द्यायची.

मिहायोने त्याआधी न्डाहानीला चार वेळा मारलं होतं. एकदा रेडिओवरून त्याच्या मृत्यूची वेळ कळवली होती, आणि न्डाहानीने स्वतः ती वहीत लिहून घेतली होती. एकदा पिठाच्या पोत्यांबरोबर कफनाचं कापड पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी, ‘मापात घेतलंय, आता वाढू नकोस.’ कापड चांगलं होतं. आमचा स्वयंपाकी पेत्रो त्यात पाव गुंडाळून ठेवायचा.

तर त्या दुपारी रेडिओ खरखरला.

“म्क्वाजू कॅम्प, म्क्वाजू कॅम्प. ऐकतोयस का म्हाताऱ्या?”

“ऐकतोय. आज कोण गेलं?”

“कंपनी.”

“अरे अरे. कशाने?”

“बँकेने. सव्वादोनला. कोर्टाचा माणूस माझ्या टेबलाशी बसलाय. खुर्च्यांना नंबर चिकटवतोय.”

“मग तू कशावर बसलायस?”

“उभाय.”

“बरंय. न्यामवेझी उभा असला की ओझं द्यायला सोपं पडतं.”

“म्झे, मी थट्टा करत नाहीये.”

हे वाक्य मिहायो दर वेळी म्हणायचा. पेत्रो तर त्याचीच वाट बघत होता. त्याने मांडीवर थाप मारली.

“सतरा तारखेच्या पाहुण्याला येऊ देऊ नका,” मिहायो म्हणाला. “त्याचे पैसे गेले. परवाना निघालेला नाही. मालक कुठे आहे कुणाला माहीत नाही. पुन्हा सांगतो. कंपनी बुडाली.”

“दफन कुठे करताय? मी फावडं घेऊन येतो.”

आणि मग मिहायो रडला. रडणं त्याला फार छान जमतं. पण न्डाहानीच्या तिसऱ्या मरणाला तो याहून जास्त रडला होता, त्यामुळे आमच्यात मत पडलं की यंदा जरा घसरलाय. मग अरुशाचा आवाज बंद झाला. कोर्टाच्या माणसाने रेडिओलाही नंबर चिकटवून तो उचलून नेला होता. आम्हाला वाटलं, मिहायो हसू आवरायला गेला.

शंका येण्यासारखं काही नव्हतं असं नाही. पगार मे महिन्यानंतर आला नव्हता. डिझेल पूर्वी पिंपांतून यायचं, ते जूनपासून सरबताच्या बाटल्यांतून यायला लागलं होतं. रॉकेलवर चालणारा फ्रिज दुरुस्तीला गेला, त्याच्या मागोमाग जनरेटर त्याला सोबत म्हणून गेला. मालक तेओ दर आठवड्याला उद्या यायचा. पण तेओकडे प्रत्येक गोष्टीला कारण असायचं, आणि कारण नेहमी गोष्टीच्या आधी येऊन पोचायचं. फ्रिज बिघडणार आहे हे आम्हाला फ्रिजच्या आधी कळलं होतं.

सतरा तारखेला मी पाहुण्याला आणायला धावपट्टीवर गेलो. धावपट्टी म्हणजे गवत कापलेला लांब तुकडा. विमान उतरण्याआधी त्यावरून दोनदा गाडी फिरवून रानडुकरांना उठवावं लागतं. विमानातून एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला, बंदुकीची पेटी मुलाला धरावं तशी छातीशी धरून. नाव एस्किल. डेन्मार्कचा. वय एकोणसत्तर.

“तू काबुलाचा मुलगा ना?” तो मोडक्या स्वाहिलीत म्हणाला. “कान तेच आहेत.”

काबुला माझा बाप. बावीस वर्षांपूर्वी एस्किल याच कॅम्पवर आला होता तेव्हा गाडी बाप चालवत होता आणि माग न्डाहानीच काढत होता. तेव्हा एस्किलला एक रानरेडा मारायचा होता. शेवटच्या दिवशी चाळीस पावलांवरून त्याचा नेम चुकला. मग तो घरी गेला आणि दुसऱ्या रेड्यासाठी पैसे साठवायला लागला. त्याला बावीस वर्षं लागली, कारण त्याचा धंदा गवताची छपरं शाकारण्याचा. डेन्मार्कमध्येही अशी घरं आहेत, हे आम्हाला तेव्हाच कळलं. पेत्रोला ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्याच्या मते तिकडे गवत परवडणार नाही.

कॅम्पवर पोचल्यावर एस्किलने आधी न्डाहानीला मिठी मारली, मग वर बघितलं. जेवणाच्या झोपडीचं छप्पर मधोमध बसलं होतं.

“हे कुणी केलं?”

“पावसाने,” न्डाहानी म्हणाला.

“आणि तू काय करत होतास?”

“खाली बसून बघत होतो. माझं काम जमिनीकडे बघायचं आहे.”

एस्किलला चौदा रात्री झोप लागली नव्हती, असं तो म्हणाला. त्या रात्री दहा तास झोपला. सकाळी उठून चिंचेखाली चहा घेताना त्याने विचारलं, तेओ कुठे आहे आणि वनरक्षक कुठे आहे. आमच्याकडे नियम असा, की सरकारी वनरक्षक परवान्याचा कागद घेऊन सोबत असल्याशिवाय एक गोळी झाडायची नाही. तो एरवी पाहुण्याच्या आधीच येऊन बसतो आणि पेत्रोच्या चपात्या मोजतो.

“उद्या येतील,” मी म्हणालो. मी खरंच तसं समजत होतो.

“तोवर?”

“तोवर माग काढू,” न्डाहानी म्हणाला. “कागदाशिवाय गोळी नाही. पण रेडा कुठे राहतो हे विचारून ठेवायला कागद लागत नाही.”

ते सुरू झालं तिथून. सकाळी साडेपाचला मी गाडी काढायचो, मागे डब्यात हत्तीची वाळकी लीद पेटवून टांगलेली, म्हणजे त्सेत्से माश्या जवळ येत नाहीत. धूर, डिझेल आणि आल्याचा चहा, या तिन्हींचा मिळून एक वास होतो. आता तो कुठेच येत नाही. गाडी सोडून आम्ही चालायचो. पुढे न्डाहानी, त्याच्या हातात राखेची कापडी पुरचुंडी, दर थोड्या वेळाने ती झटकून वारा बघायचा. मग एस्किल. मग मी, पाणी आणि गप्पा घेऊन. गप्पांना मनाई होती, पाण्याला नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तो सापडला. म्हणजे त्याचा माग सापडला. एकटा, म्हातारा, पुढच्या उजव्या खुराला चीर. न्डाहानीने शेण मोडून बघितलं. गवताच्या लांब लांब काड्या तशाच होत्या.

“दात झिजलेत. तेराएक वर्षांचा असेल. कळपाने सोडलाय याला, की याने कळप सोडलाय, ते नक्की नाही.” तो बसल्या जागेची माती चाचपत म्हणाला, “बसताना कण्हतो.”

“मीही कण्हतो,” एस्किल म्हणाला.

आम्ही रेड्याचं नाव पेन्शनर ठेवलं. पेन्शनर रोज सकाळी डबक्यावर यायचा, चिखलात लोळायचा आणि दिवसभर काटेरी झुडपांत उभा राहून कशावर तरी नाराज असायचा. चौथ्या दिवशी आम्ही त्याला साठ पावलांवरून बघितलं. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं, तोंडावरचे केस गेलेले, चिखलाचे पापुद्रे. एस्किलने दुर्बीण खाली केली.

“हाच,” मग म्हणाला. “बावीस वर्षं मी दुसराच रेडा डोक्यात धरून होतो. तो तरुण होता. हा बरोबर आहे.”

दुपारी तो छपरावर चढायचा. आम्ही नको नको म्हटलं. पाहुण्याने काम करणं बरं दिसत नाही. तो म्हणाला, असं बसकं छप्पर डोक्यावर असताना त्याला घास गिळवत नाही. मग पेत्रो आणि मी गवत कापून आणायचो, तो वर बसून पेंढ्या बांधायचा आणि खाली न्डाहानीला जुन्या गोष्टी सांगायला लावायचा. जुना मालक, म्हणजे तेओचा बाप, संध्याकाळी पांढरा शर्ट घालून जेवायला बसायचा. टेबलावर इस्त्रीचा कपडा. बर्फ. चाळीस कंदील. एकदा सिंह झोपडीत शिरला, तेव्हा जुन्या मालकाने त्याला, इथे आत यायचं तर शर्ट घालून यायचं, असं सांगितलं आणि सिंह गेला.

“खरं?” मी विचारलं.

“तुझा बाप होता तिथे.”

“माझा बाप म्हणायचा तो गाडीखाली होता.”

“गाडीखालून सिंह जास्त नीट दिसतो,” न्डाहानी म्हणाला. “न्यामवेझ्यांची नेहमीची जागा.”

एस्किलला थट्टेचं नातं फार आवडलं. त्याने विचारलं, डेन्मार्कवाले कुणाचे? यावर बैठक भरली. डेन्मार्कवाल्यांनी आमच्याकडून पाण्याचे पैसे कधी घेतले नव्हते, ही अडचण होती. शेवटी ठरलं की पेत्रो त्याला पाण्याचा पेला देईल, तो मला विकेल, आणि नातं लागू. मी दोनशे शिलिंग दिले. तेव्हापासून एस्किल मला सिमेंटची पिशवी म्हणायचा, कारण डेन्मार्कमध्ये त्याला याहून वाईट वस्तू माहीत नव्हती. मी त्याला म्हणायचो, चिंचेला सरकारी पेन्शन मिळतं. पेत्रो मंत्र्याचा भाऊ आहे आणि इथे लपून राहिलाय. न्डाहानी चार वेळा मेलाय. यांतली एक गोष्ट खरी होती, पण तो तिन्हींना सारखंच हसायचा.

तेओ आलाच नाही, तेव्हा एकदा छपरावरूनच एस्किल मला म्हणाला, “शिजा, मार्चमध्ये मला पत्र आलं. सगळी रक्कम एप्रिलच्या आत भरली तर चाळीस टक्के सूट. खातं नवीन, दुसऱ्याच देशातलं. परवान्याचा नंबर नंतर कळवू. माझ्याकडे येऊन कुणी म्हणालं असतं, शिडी लावायच्या आधी सगळ्या छपराचे पैसे दे, तर मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नसती.”

“मग भरले कशाला?”

“पत्राच्या शेवटी एक ओळ होती. न्डाहानी अजून इथे आहे.”

खाली न्डाहानी पेंढी बांधत होता. त्याने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

तेवीस तारखेला, सकाळी अकराला, मोटरसायकलवर वनरक्षक आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याच्या मागे रंगाचा डबा बांधलेला होता. तो उतरला, पिशवीतून पॉलिश केलेले बूट काढून घातले, मळके बूट पिशवीत ठेवले आणि मग नमस्कार केला. नाव ब्याबातो. वय माझ्याएवढंच, पण तो ते सरकारी कामासाठी वापरत होता.

“कॅम्पचा ताबा घ्यायला आलोय,” तो म्हणाला. “कंपनी बंद झाली आहे. रान सरकारजमा. बंदुका सील करायच्या. सव्वीसच्या दुपारपर्यंत माणसांनी बाहेर पडायचं.”

पेत्रो हसायला लागला. मग त्याने विचारलं, “कुठले तुम्ही?”

“बुकोबाचा. हाया.”

पेत्रोचं हसणं जागच्या जागी थांबलं. हायांचं आणि गोगोंचं काहीही नातं नाही. न्यामवेझ्यांचंही नाही. हाया माणूस आपल्याला कंपनी मेली म्हणून सांगतो तेव्हा ती मेलेली असते.

“आम्हाला कुणी कळवलं नाही,” न्डाहानी म्हणाला.

ब्याबातोने फाइल उघडली. “चौदा तारीख. दोन वाजून चाळीस मिनिटं. कॅम्पला रेडिओवरून दोनदा कळवलं. पोच मिळाली. कंसात लिहिलंय, हशा.”

न्डाहानी उठून झोपडीमागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कोंबडी होती. ती त्याने माझ्या हातात दिली. मिहायोने आयुष्यात एकदा खरं सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही, त्याचा हा दंड. मिहायो अरुशात होता, म्हणून ती मी त्याच्या वतीने स्वीकारली.

“आता एस्किलला तू सांगायचं,” न्डाहानी म्हणाला.

तेही बरोबर होतं. मयतात घरच्यांनी बोलायचं नसतं. थट्टेच्या नात्यातला माणूसच खड्डा खणतो, तोच पाहुण्यांना सांगतो, तोच रडणाऱ्याला हसवतो. न्डाहानीची बत्तीस वर्षं या कॅम्पात गेली होती, तो घरचा. मी न्यामवेझी, आणि दोनशे शिलिंग भरून डेन्मार्कवाल्याचाही सोयरा. माझ्याइतका लायक माणूस त्या रानात दुसरा नव्हता.

एस्किल छपरावर शेवटची कड कापत होता.

“म्झे एस्किल, कंपनी बुडाली.”

“चिंचेच्या पेन्शनसकट?”

“खरंच बुडाली. चौदा तारखेलाच. तुम्ही यायच्या आधी.”

“मग मी कुठे आलोय?”

“कुठेच नाही.”

तो इतका हसला की त्याच्या हातातली कात्री खाली पडली. मी तिसऱ्यांदा सांगितलं. तो म्हणाला, अरे सिमेंटच्या पिशवी, आज तू फार सुरेख करतोयस, चेहरा तर बघ. तेव्हा मला मिहायो आठवला, टेबलाशी उभा राहून रडणारा. मी खाली जाऊन ब्याबातोला बोलावलं. ब्याबातोने मान वर करून विचारलं, “संपूर्ण नाव? पासपोर्ट नंबर? भरलेली रक्कम?” आणि एस्किलचं हसू हळूहळू उतरलं, शिडीवरून माणूस उतरतो तसं, एकेक पायरी.

तो खाली आला. चिंचेखाली बसला. ब्याबातोने त्याला समजावलं, की पैसे मागता येतील; त्यासाठी अर्ज आहे; आधी बँक, मग सरकार, मग कामगार, मग बाकीचे. तो बाकीच्यांत त्रेसष्टावा. त्रेसष्टाव्यापर्यंत सहसा काही उरत नाही, पण अर्ज मात्र व्यवस्थित भरलेला असावा.

“आणि रेडा?” एस्किलने विचारलं.

“परवाना नसल्यामुळे असा कोणताही रेडा नाही.”

“मी पाहिलाय त्याला.”

“दिसायला हरकत नाही,” ब्याबातो म्हणाला. तो दुष्ट नव्हता. फक्त त्याच्याजवळ फाइल होती.

चोवीसला ब्याबातोने कॅम्प मोजला. खाटा सहा. कढया चार. कफन एक, त्यात पाव. जेवणाच्या झोपडीपाशी तो थांबला, वर बघत राहिला, हात लावून बघितला आणि लिहिलं, ‘छप्पर: नवीन, उत्कृष्ट.’ त्यामुळे लिलावात कॅम्पची किंमत वाढली. ते पैसे बँकेला गेले. म्हणजे त्रेसष्टाव्या माणसाने पहिल्या माणसाला फुकट छप्पर शाकारून दिलं. एस्किलला हे नंतर पत्रातून कळवलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “उत्कृष्ट लिहिलंय?”

त्या दुपारी न्डाहानी ब्याबातोसमोर येऊन बसला.

“साहेब, गोळीला मनाई आहे.”

“आहे.”

“चालायला?”

ब्याबातोने पुस्तिका काढली. चालण्याचा परवाना वेगळा, तो फोटो काढणाऱ्या पर्यटकांसाठी, आणि तो फॉर्म त्याच्याजवळ नव्हता. त्याने पुन्हा पानं उलटली. मग म्हणाला, “ताबा घेण्याआधी रानाची पाहणी करावी, असं कलम आहे. अधिकाऱ्याने. आवश्यक वाटल्यास स्थानिक जाणकार सोबत घ्यावेत.”

“मी जाणकार,” न्डाहानी म्हणाला. “हा ड्रायव्हर.”

“आणि हे?” ब्याबातोने एस्किलकडे बघितलं. बराच वेळ विचार केला. “छपराचे तज्ज्ञ,” त्याने लिहिलं.

पंचवीसला पहाटे आम्ही चौघे निघालो. बंदूक पेटीत, पेटीला सरकारी लाख. ब्याबातो पॉलिशचे बूट घालून आला होता, कारण पाहणी अधिकृत होती. डबक्यापाशी ताजा माग मिळाला. चीर पडलेला खूर. न्डाहानी वाकला आणि मग दोन तास सरळ झालाच नाही. मी त्याला सात हंगाम बघत होतो, पण त्या दिवशी तो माग काढत नव्हता, वाचून दाखवत होता. इथे तो थांबला. इथे वळून मागे बघितलं. इथे विचार बदलला. राख झटकायची, ती आमच्या तोंडावर यायची, म्हणजे वारा बरोबर. ब्याबातोने एकदाही काही विचारलं नाही. त्याचे बूट राखाडी झाले होते.

काट्यांच्या पलीकडे पेन्शनर उभा होता. बावीस पावलं. मी नंतर मोजली.

न्डाहानीच्या खांद्यावर तिकाटी होती, बंदूक टेकवायच्या तीन काठ्यांची. ती त्याने का आणली होती, मी विचारलं नाही. बत्तीस वर्षं रानात जाताना ती खांद्यावर असायची, म्हणून असेल. त्याने ती उघडली, आवाज न करता जमिनीत रोवली, आणि एस्किलच्या खांद्याला दोन बोटं लावली. म्हणजे, ये, आता.

एस्किल पुढे गेला. बंदूक जिथे ठेवायची तिथे त्याने स्वतःचे दोन्ही हात ठेवले, एकावर एक, आणि बघत राहिला. पेन्शनरने डोकं उचललं आणि आमच्याकडे बघितलं. रेडे बघतात तसं, आपण त्याचं काहीतरी देणं लागतो असं. माझ्या बाजूला ब्याबातोने श्वास रोखला होता. न्डाहानी एस्किलच्या कानाशी कुजबुजला, “थांब. थांब. अजून थोडा वळू दे.” रेडा वळला. खांदा पूर्ण समोर आला. “आता,” न्डाहानी म्हणाला.

एस्किलने डोळे मिटले नाहीत. काही केलं नाही. फक्त श्वास सोडला.

पेन्शनर अजून जरा उभा राहिला, मग काटे मोडत निघून गेला, घाई न करता.

“गोळी कुठे लागली असती?” एस्किलने विचारलं.

“बरोबर जागी,” न्डाहानी म्हणाला. आणि त्याने तिकाटी मिटायला घेतली, पण त्याला ती मिटता येईना, म्हणून ती मी मिटली.

ब्याबातोने वहीत लिहिलं, ‘पाहणी केली. रेडा एक. स्थिती: नाराज.’ हा त्याने आयुष्यात केलेला पहिला विनोद असावा. तो लिहून तो स्वतःच घाबरला आणि शेवटचा शब्द खोडला.

सव्वीसला एस्किल गेला. विमानात चढताना म्हणाला, “पुन्हा साठवायला चार वर्षं लागतील, या वेळी दुसरा खर्च नाही. जास्तीत जास्त पाच.” मग त्याने मला एक शिवी दिली, जी नात्यात बसत होती.

याला आता दोन वर्षं झाली. तो एकाहत्तराव्या वर्षी छपरांवर चढतोय. पत्र येतं, त्यात बांधलेल्या छपरांची संख्या असते. मिहायो अरुशात शाळेत कारकून आहे. न्डाहानी त्याचं सगळं खरं मानतो आणि त्यामुळे फार त्रासात आहे. रान नव्या कंपनीकडे जाणार म्हणतात. ब्याबातो तिथेच आहे. तो म्हणतो, पेन्शनर अजून दिसतो, पण बारीक झालाय. मी विचारलं, काही करता येईल का. तो म्हणाला, लेखी द्या, तीन प्रतींत. कसं लिहायचं तेही त्याने सांगितलं. मी लिहिलं.

‘प्रति, मा. प्रमुख अधिकारी, वन्यजीव विभाग.

विषय: एका रेड्यास मुदतवाढ मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, डावे शिंग मोडलेला व पुढील उजव्या खुरास चीर असलेला एक रेडा आपल्या अखत्यारीतील रानात वास्तव्यास असून, त्याची संपूर्ण रक्कम श्री. एस्किल (छपराचे तज्ज्ञ) यांनी एकदा भरलेली आहे व दुसऱ्यांदा भरण्याची त्यांची तयारी सुरू आहे. तरी सदर रेडा अन्य कोणासही देण्यात येऊ नये. त्यास किमान तीन वर्षे मरण्यास मनाई करण्यात यावी व त्याचे दात आजच्या स्थितीत कायम ठेवण्यात यावेत. रानातील सिंहांना त्याप्रमाणे लेखी कळवून त्यांची पोच घेण्यात यावी, मात्र पोच घेताना ते हसले नाहीत याची खात्री करून घ्यावी. तसेच सदर मुदतवाढ, त्याच अटी व शर्तींवर, माग काढणारे श्री. न्डाहानी (वय सहासष्ट) यांच्या दोन्ही गुडघ्यांना व डोळ्यांनाही लागू करण्यात यावी, आणि तसा आदेश संबंधितांना पाऊस सुरू होण्यापूर्वी देण्यात यावा, ही नम्र विनंती.’